शेजारचं झाड वादळात आपल्या भिंतीवर पडलं, तर भरपाई कोण देणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कोथरूडकडची एक सोसायटी. शेजारी बंद बंगला, मालक बंगळुरूला, गेटवर एक रखवालदार. बंगल्याच्या आवारात भिंतीलगत दोन जुने गुलमोहर. मे महिन्यात वळवाच्या वादळात त्यातला एक मुळासकट उन्मळून सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर पडला. भिंतीचा वीसेक फूट भाग, पार्किंगची पत्र्याची शेड आणि शेडखालच्या दोन मोटारी यांचं नुकसान झालं. सुदैवानं खाली माणूस नव्हतं. मालकांनी फोनवर सांगितलं, "वादळ काय मी आणलं होतं? नैसर्गिक आपत्ती आहे, विम्याकडे मागा." सोसायटीचे सचिव विचारतात, कायदा मालकांच्या बाजूनं आहे का? शिवाय महापालिकेला जबाबदार धरता येईल का? आणि जाता जाता त्यांनी सांगलीच्या मेव्हण्याचा प्रश्नही जोडलाय: पुरात दुकान बुडालं, लोक म्हणतात धरणाचं पाणी सोडल्यामुळे, सरकारवर दावा लागतो का?

दिवाणी बाजूला वकिली करताना पावसाळा सुरू झाला की असे प्रश्न येतातच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सचिवसाहेब, मालकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वादळाबद्दल कुणीच कुणाला भरपाई देत नाही. पण वादळात पडेल अशा अवस्थेत आलेलं झाड तसंच उभं ठेवलं असेल, तर त्याचं उत्तर मालकांना द्यावं लागतं. असे दावे बहुतेक एकाच मुद्द्यावर जिंकले किंवा हरले जातात: झाड धोक्याचं झालंय हे मालकाला ते पडण्याआधी माहीत होतं का, किंवा थोडं लक्ष दिलं असतं तर कळलं असतं का? हे सिद्ध करणारा कागद वादळाच्या आधीच्या तारखेचा लागतो. झाड पडल्यावर सगळेच फोटो काढतात; त्या ढिगापेक्षा फेब्रुवारीतली एक पोचपावती जड असते.

आता 'अ‍ॅक्ट ऑफ गॉड', म्हणजे दैवी आपत्ती, या बचावाकडे येऊ. प्रतिवादीचा वकील कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, पहिल्याच परिच्छेदात तो घेणार. कोर्टात तो उभा राहण्यासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात. घटना निव्वळ निसर्गाच्या शक्तीनं घडलेली हवी, माणसाचा हात नको. आणि ती इतकी असाधारण हवी की शहाण्या माणसाला तिचा अंदाज बांधून बंदोबस्त करणं शक्यच नव्हतं. पहिली अट लोकांना ठाऊक असते. बचाव कोसळतो तो दुसऱ्या अटीवर. आणि हे सिद्ध करण्याचा भार बचाव घेणाऱ्यावर असतो, तुमच्यावर नाही.

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा कल्लूलाल खटला (१९५८ सालचा छापील निकाल) मला या कामी फार उपयोगी वाटतो. पावसात एक भिंत कोसळली आणि दोन मुलं दगावली. घरमालकाचा बचाव हाच की पाऊस फार झाला. पाऊस किती? २.६६ इंच. कोर्टानं म्हटलं, पावसाळ्यात एवढा पाऊस पडणं यात असाधारण काही नाही, भिंत तो सोसेल अशी ठेवणं मालकाचं काम. हाच न्याय तुमच्या वळवाला लावा. पुण्यात एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर आभाळ भरून येतं, धुळीचं वादळ उठतं, गारा पडतात, दहा-वीस झाडं आडवी होतात. दरवर्षी होतं. दरवर्षी होणाऱ्या गोष्टीला अकल्पित म्हणायचं कसं?

याउलट २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवसाबद्दल हा बचाव निदान ऐकून घेण्यासारखा होता. जून २०२० मधलं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांमध्ये धडधाकट नारळी-पोफळीही जमीनदोस्त झाल्या. तिथे शेजाऱ्याची नारळी कौलांवर पडली म्हणून दावा लावायला कुणी आलं असतं, तर मी त्याला परत पाठवलं असतं. निरोगी झाड, असाधारण वारा, आजूबाजूला सगळंच भुईसपाट. इथे शेजाऱ्याची चूक काय दाखवणार?

घाटकोपरला १३ मे २०२४ ला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. तिथेही आरोपीच्या बाजूनं उच्च न्यायालयात वाऱ्याच्या वेगाकडे बोट दाखवून दैवी आपत्तीचाच मुद्दा मांडला गेला होता. पण ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना १२० बाय १२० फुटांचा सांगाडा उभा केलेला असेल, तर वाऱ्याआधी त्या सांगाड्याबद्दल बोलावं लागतं. माझ्या मते हा बचाव अशाच ठिकाणी सर्वांत मोठ्यानं घेतला जातो, जिथे तो सर्वांत कमी लागू पडतो.

आता तुमचं झाड. जुन्या इंग्रजी कायद्यात अशी समजूत होती की जमिनीवर निसर्गतः जे वाढलं, साचलं, घसरलं, त्याबद्दल मालक जबाबदार नाही. १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचरमधला कडक दायित्वाचा (चूक नसली तरी जबाबदारी) नियमही माणसानं स्वतः आणून साठवलेल्या धोकादायक वस्तूंसाठी होता, म्हणजे पाण्याचा तलाव वगैरे. झाड त्यात बसत नाही. पुढे दोन निकालांनी चित्र बदललं. गोल्डमन विरुद्ध हारग्रेव्ह, प्रिव्ही कौन्सिल (लंडनमधलं, वसाहतींतली अपिलं ऐकणारं वरचं न्यायपीठ), १९६७: पश्चिम ऑस्ट्रेलियात वीज पडून एका उंच झाडाला आग लागली. मालकानं झाड तोडून खाली पाडलं आणि मग पाणी मारून विझवण्याऐवजी जळून आपोआप विझेल म्हणून सोडून दिलं. वारा सुटला, आग शेजारच्या जमिनींवर पसरली. वीज मालकानं पाडली नव्हती, तरी तो जबाबदार ठरला, कारण धोका कळला होता आणि तो आवरणं हाताबाहेरचं नव्हतं. दुसरा निकाल लीकी विरुद्ध नॅशनल ट्रस्ट, १९८०. सॉमरसेटमधल्या एका टेकाडाची माती घसरून खालच्या घरांवर येत होती. टेकाड निसर्गाचं, पण मालकी ट्रस्टची आणि धोका ट्रस्टला कळवलेला होता. ट्रस्ट जबाबदार. हे निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, पण निष्काळजीपणा आणि उपद्रव यांचा आपला कायदा बराचसा अशाच निकालांतून आलेला असल्यामुळे ते वाचून दाखवता येतात आणि न्यायाधीश ऐकतात.

या निकालांत मालकाच्या ऐपतीचाही विचार आहे, हे लक्षात ठेवा. गरीब म्हातारीच्या पडवीतल्या झाडाकडून आणि बंगळुरूला राहणाऱ्या बंगलेवाल्याकडून सारखी अपेक्षा कोर्ट ठेवणार नाही. तुमचे मालक दुसऱ्या गटात मोडतात. परगावी राहतो म्हणून झाडाकडे बघता आलं नाही, हा बचावही टिकत नाही. रखवालदार ठेवला म्हणजे बघणारा माणूस ठेवलाच की.

बाजू उलटीही पडते. नोबल विरुद्ध हॅरिसन, १९२६: बीच झाडाची फांदी स्वच्छ हवेत अचानक मोडून रस्त्यावरच्या बसवर पडली. आतला दोष बाहेरून दिसण्यासारखा नव्हता, म्हणून मालक सुटला. तुमच्या मालकांचा वकील हाच निकाल काढणार. म्हणून विचारतो, गुलमोहर बाहेरून कसा दिसत होता? शेंडा वाळलेला होता? खोडावर अळंब्या, वाळवीची माती, पोकळी? बुंध्याजवळची जमीन उचललेली होती का? गुलमोहराची मुळं उथळ पसरतात. त्यातून बंगल्यात मागे कधी पेव्हर ब्लॉक बसवताना एका बाजूची मुळं तोडली असतील, तर तो मुद्दा तुमच्यासाठी सोन्याचा आहे. रखवालदाराला विचारा, कळेल.

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये एका सभासदानं वाळलेल्या फांद्यांचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता आणि तुम्ही रखवालदाराला 'साहेबांना सांगा' म्हणून सांगितलं होतं. स्पष्ट सांगतो. ग्रुपवरचा फोटो झाडाची अवस्था दाखवायला उत्तम आहे, कारण त्यावर आधीची तारीख आहे. पण मालक त्या ग्रुपवर नाहीत, त्यामुळे त्यांना कळवलं होतं हे त्यातून सिद्ध होत नाही. उलट तुम्हाला धोका माहीत होता हे सिद्ध होतं, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येईल: मग गाड्या तिथेच का लावत होता? घाबरण्याचं कारण नाही. स्वतःच्या हक्काच्या पार्किंगमध्ये गाडी लावणं हा साधारणतः निष्काळजीपणा होत नाही. पण भरपाईतून काही टक्के कापले जाण्याची शक्यता धरून चाला. रखवालदाराला सांगितलं होतं त्याला पुरावा म्हणजे सांगणाऱ्याची साक्ष, आणि नशीब असेल तर रखवालदारानं मालकाला केलेला फोन. तो मालकाविरुद्ध बोलेल अशी आशा धरू नका.

पुरावा अजून गोळा करता येतो, पण घाई करा. अग्निशमन दल झाड कापून वाट मोकळी करतं, ओंडके ट्रकमध्ये जातात, आणि आठवड्यात खड्डाही बुजतो. बुंध्याचा एक आडवा काप आणि मुळांचा तुकडा उचलून सोसायटीच्या खोलीत ठेवा. आतून कुजलेलं लाकूड हाताला लागतं, त्याला साक्षीदार लागत नाही. वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकाकडून किंवा वृक्षतज्ज्ञाकडून त्यावर लेखी मत घ्या. अग्निशमन केंद्रातून वर्दीचा दाखला मागा. हवामान विभागाच्या पुणे केंद्राकडून त्या दिवसाच्या वाऱ्याच्या वेगाची आणि पावसाची अधिकृत नोंद रीतसर मिळते. तीही घ्या, मागच्या काही वर्षांच्या मे महिन्यांसकट. मोबाइलवरच्या फोटोंसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देईल. मूळ फोन मात्र विकू किंवा फॉरमॅट करू नका.

आणि एक माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. महाराष्ट्रात शहरी भागातलं झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, पुण्यात ती महापालिकेच्या उद्यान विभागाकडून मिळते. विचारा: या पत्त्यावरच्या झाडांच्या छाटणीसाठी किंवा तोडीसाठी मागच्या पाच वर्षांत कुणी अर्ज केला होता का, त्यावर काय झालं? उत्तर काहीही आलं तरी कामाचं. मालकानं अर्ज केलाच नसेल, तर 'परवानगी मिळत नाही हो' हे वाक्य त्यांना म्हणता येणार नाही. त्यांनीच 'झाड धोकादायक आहे' असं लिहून अर्ज केला असेल आणि नंतर पाठपुरावा सोडला असेल, तर त्यांना माहीत होतं याचा कबुलीजबाबच हातात आला. आणि अर्ज करून, वारंवार चकरा मारूनही खात्यानं दाबून ठेवला असेल, तर मालकांची बाजू खरोखर भक्कम होते आणि प्रश्न महापालिकेकडे वळतो.

महापालिकेबद्दल अपेक्षा जरा कमी ठेवा. राजकोटमध्ये १९७५ साली रस्त्याकडेचं झाड कोसळून एक माणूस गेला. खालच्या कोर्टांनी भरपाई दिली, पण १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली: शहरातल्या प्रत्येक झाडाची नियमित तपासणी करण्याचं कर्तव्य कायदा पालिकेवर टाकत नाही. तेही पालिकेच्याच झाडाबद्दल. तुमचं तर खासगी आवारातलं. दिल्लीच्या चांदणी चौकातला ऐंशी वर्षांचा घंटाघर कोसळला तेव्हा, १९६६ च्या निकालात, पालिका सुटली नव्हती. पण ती पालिकेच्या मालकीची, आयुष्य संपलेली इमारत होती. इमारत आणि झाड यांत कोर्ट फरक करतं, मला तो फरक कधीच पूर्ण पटलेला नाही, पण आज कायदा तसा आहे. तुमच्यापैकी कुणी क्षेत्रीय कार्यालयात या झाडाबद्दल लेखी तक्रार दिली असेल आणि तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का असेल, तरच पालिकेला पक्षकार करण्यात अर्थ आहे.

तसं करायचं ठरलं तर मुदत सांभाळा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस लागते आणि दावा सहा महिन्यांत लावावा लागतो. मुंबईत हेच कलम ५२७ मध्ये आहे. हे कलम नेमकं कोणत्या दाव्यांना लागतं यावर वाद घालता येतो, पण वाद घालायची वेळच येऊ न देणं बरं. खासगी मालकाविरुद्ध तीन वर्षं आहेत.

दावा कुणी लावायचा हेही पाहा. भिंत आणि शेड सोसायटीची. तिच्यासाठी व्यवस्थापक समितीचा ठराव हवा आणि दावा सोसायटीच्या नावानं. मोटारी त्या त्या सभासदाच्या, त्यांनी आपापला लावायचा. शेजारी तुमचा सभासद नाही, त्यामुळे प्रकरण दिवाणी न्यायालयात जाईल. हेच झाड तुमच्याच आवारातलं असतं आणि सभासद सोसायटीविरुद्ध भांडत असता, तर सहकार न्यायालयाचा रस्ता धरावा लागला असता. पोलिसांत चकरा मारून फार उपयोग नाही. माणसाला इजा झालेली नसताना निव्वळ हलगर्जीपणातून मालमत्तेचं नुकसान हा सहसा गुन्हा होत नाही. ठाण्यात नोंद करून प्रत घ्या आणि परत या.

विम्याबद्दल मालक म्हणतात ते टाळू नका, पण शहाणपणानं करा. इथे लोक फार फसतात, म्हणून थोडं रेंगाळतो. मोटारींचा विमा सर्वसमावेशक असेल तर वादळ आणि झाड पडणं त्यात येतं. नुसता थर्ड पार्टी असेल तर काही मिळणार नाही. सोसायटीच्या पॉलिसीत कंपाउंड वॉल वेगळी नमूद करून तिची रक्कम धरली आहे का ते बघा. बऱ्याचदा इमारतीचीच रक्कम लिहिलेली असते आणि सर्व्हेअर भिंत वगळतो. एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित घरविम्यात झाड पडून होणारं नुकसान शब्दांत लिहिलेलं आहे, आणि कमी रकमेचा विमा घेतला म्हणून दावा कापण्याची तरतूदही त्यात नाही. पुढच्या नूतनीकरणाला विचारून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. विमा कंपनीला पाठवायच्या अर्जात 'नुकसानीचं कारण' असा रकाना असतो आणि सगळे तिथे 'नैसर्गिक आपत्ती' असं लिहून मोकळे होतात. दोन वर्षांनी तोच अर्ज शेजाऱ्याचा वकील कोर्टात तुमच्यासमोर धरतो: तुम्हीच लिहिलंय ना? म्हणून जे घडलं तेच लिहा: 'वादळी वाऱ्यात शेजारील आवारातले वाळलेले झाड पडून नुकसान.' विम्याला वादळ पुरतं, शेजाऱ्याविरुद्ध 'वाळलेले' पुरतं, आणि दोन्ही खरं आहे. तलाठ्याच्या किंवा पालिकेच्या पंचनाम्यावर सही करतानाही तेवढाच शब्द घालून घ्या.

विमा कंपनीनं पैसे दिले म्हणजे शेजारी सुटला, असंही नाही. पैसे देताना कंपनी तुमच्याकडून हक्क-हस्तांतरणाचं पत्र लिहून घेते आणि तेवढ्या रकमेपुरती शेजाऱ्याविरुद्ध तुमच्या जागी उभी राहते. तुम्हाला दोनदा पैसे मिळणार नाहीत. पण घसाऱ्यापोटी कापलेले, पॉलिसीत न बसलेले, तुटलेला नो-क्लेम बोनस, असा उरलेला भाग तुम्ही मागू शकता. उलट, विम्याचा दावा चालू असताना शेजाऱ्याशी परस्पर तडजोड करून 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून देऊ नका. कंपनीचा वसुलीचा हक्क तुम्ही बुडवलात म्हणून ती तुमचाच दावा नाकारू शकते. नाकारलाच, किंवा फार कमी मंजूर केला, तर पन्नास लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी विमा लोकपाल आहे, तिथे फी नाही. नाहीतर ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत.

रक्कम ठरवताना नवी भिंत बांधायचा पूर्ण खर्च मागायचा मोह होतो. जुनी भिंत पंचवीस वर्षांची असेल तर कोर्ट घसारा धरणार. दोन ठेकेदारांची अंदाजपत्रकं, बिलं आणि बँकेतून दिलेले पैसे, एवढं असलं की पुरे.

सांगलीचा प्रश्न. मेव्हण्यांना वाईट बातमी आधी सांगतो: पुराच्या पंचनाम्यानंतर सरकारनं दिलेले पैसे ही मदत असते, नुकसानभरपाई नसते. आपत्ती निवारण निधीचे निकष ठरलेले असतात, दुकानातल्या मालाची खरी किंमत त्यात मोजली जात नाही. ती मदत घेतली म्हणून दाव्याचा हक्क जात नाही, पण दावा कठीण आहे.

अशक्य मात्र नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्होरा सादिकभाई खटल्यात गुजरात सरकारला जबाबदार धरलं. धरणातून आलेल्या पाण्यानं शेतजमीन आणि झाडं नष्ट झाली होती. सरकारनं अतिवृष्टीकडे बोट दाखवलं. कोर्टानं म्हटलं, दैवी आपत्ती होती हे सरकारनं सिद्ध करायला हवं होतं, ते केलं नाही. धरण बांधून पाणी अडवणाऱ्याला पाऊस जास्त झाला एवढं म्हणून सुटता येत नाही. सरकार सार्वभौम आहे म्हणून त्याच्यावर दावा नाही, हा १९६५ च्या कस्तुरीलाल निकालाचा आधारही १९९४ च्या नागेंद्र राव निकालानंतर खूपच आकसलाय.

अडचण आहे ती कार्यकारणाची. गुजरातमध्ये एक धरण आणि खालची जमीन असं सरळ चित्र होतं. सांगलीत कृष्णा आहे, वारणा आहे, वर कोयना आहे, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा आहे, आणि मधे गावोगावचे पूल आणि भराव. दुकानातलं पाच फूट पाणी यातल्या कुणाचं? २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. अतिवृष्टी आणि पूररेषेतली बांधकामं यांवर तिचा भर होता. तो अहवाल सरकारी वकील पहिल्याच दिवशी दाखल करणार. त्याला उत्तर द्यायचं तर धरणाचं त्या आठवड्यातलं तासातासाचं विसर्गाचं वेळापत्रक, जलाशयाची परिचालन सूची (कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचं याचं ठरलेलं कोष्टक), हवामान विभागाचे आधीचे इशारे आणि दुकानाजवळ पाणी चढल्याची वेळ, हे सगळं जुळवावं लागेल. आधी धरण भरू दिलं आणि मग एकदम दरवाजे उघडले, असं त्यातून दिसलं तर दाव्यात दम आहे. एकट्यानं हे पेलत नाही. एकाच पेठेतले वीस-पंचवीस व्यापारी आणि एक जलसंपदा खात्यातून निवृत्त अभियंता, अशी मोट बांधता आली तरच जा. आणि दुकान निळ्या पूररेषेच्या आत असेल, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली, तर परवानगी कधीची आहे ते आधी बघा. सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते.

सांगलीकरांच्या बाजूनं एक गोष्ट आहे. २००५, २०१९, २०२१, इतक्यांदा पाणी शहरात आल्यावर यापुढच्या पुराला कुणी अकल्पित म्हणू शकणार नाही. हेच पुण्यातल्या आंबिल ओढ्यालाही लागू आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्या ओढ्यानं काठच्या सोसायट्यांच्या भिंती नेल्या. त्यानंतर ओढ्याचं पात्र अरुंद करणाऱ्याला, मग तो बिल्डर असो की खातं, पावसाच्या आड लपणं अवघड जाईल. स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावात पालिकेनं ओढ्याचा प्रवाह बदलून मुलांसाठी तळं केलं होतं, विक्रमी पावसात ते पाणी रेल्वेच्या हद्दीत घुसलं. १९१७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, दैवी आपत्तीचा बचाव फेटाळला. ओढ्याला हात लावलात ना, मग ओढ्याच्या आधीच्या वाटेइतकी तरी वाट ठेवायला हवी होती, असा त्याचा मथितार्थ.

परत कोथरूडला. तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही ओझरतं लिहिलंय: दुसरा गुलमोहर अजून उभा आहे आणि तोही झुकलाय. भरपाईची नोटीस चार दिवसांनी गेली तरी चालेल, या झाडाची आज जाऊ द्या. वकील न लावता सोसायटीच्या लेटरहेडवर पुढच्यासारखा मजकूर पुरेल:

'आपल्या मालकीच्या भूखंडावरील, आमच्या पश्चिमेकडील भिंतीलगतच्या दोन गुलमोहरांपैकी एक वृक्ष दिनांक अमुक रोजी कोसळून आमचे नुकसान झाले. उरलेला वृक्ष आमच्या बाजूस झुकलेला असून त्याचा शेंडा वाळलेला आहे व बुंध्याजवळील जमीन भेगाळलेली आहे (फोटो सोबत). तो कोसळल्यास जीवित व वित्तहानी होण्याची शक्यता आहे. आपण सात दिवसांत वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज करून आवश्यक ती छाटणी अथवा तोड करून घ्यावी. तसे न केल्यास होणाऱ्या सर्व परिणामांस आपण जबाबदार राहाल. नुकसानभरपाईबाबत आमचे हक्क राखून ठेवून हे पत्र दिले आहे.'

हे पत्र मालकांच्या बंगळुरूच्या पत्त्यावर स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह पाठवा. शिवाय ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप, निळ्या खुणांच्या स्क्रीनशॉटसह. एक प्रत बंगल्याच्या गेटवर रखवालदाराची सही घेऊन. एक प्रत उद्यान विभागात आणि एक क्षेत्रीय कार्यालयात, दोन्हीकडे आवक शिक्का. तुमच्या बाजूला आलेल्या फांद्या स्वतः तोडायचा विचार असेल तर थांबा. सीमेपलीकडून आलेल्या फांद्या कापण्याचा हक्क जुना आहे, पण वृक्ष कायद्याची परवानगी त्यालाही लागते, नाहीतर फिर्यादी असून तुम्हीच आरोपी व्हाल. सात दिवसांत हालचाल झाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पडण्याच्या बेतात असलेलं झाड किंवा इमारत हटवण्याचा सशर्त हुकूम देण्याचा अधिकार त्यांना आहे. जुन्या फौजदारी संहितेत हेच कलम १३३ होतं, त्यामुळे तिथला कारकून १३३ च म्हणेल, गोंधळू नका. अर्जासोबत पडलेल्या पहिल्या झाडाचे फोटो आणि अग्निशमन दलाचा दाखला जोडा, आणि तारीख पावसाआधीची मागा.